नव्या जिल्ह्याची मोजणी

मेंदूतल्या जोडण्यांवर संशोधन करणाऱ्या नातीनं उदगीरला आल्याबरोबर मेंदूचे तीन नकाशे पलंगावर पसरले. मोजणी खात्यातून निवृत्त झालेल्या मन्मथअप्पांनी सवयीनं आधी प्रमाण विचारलं. “पहिला समजा अख्खा जिल्हा, दुसरा गाव, तिसऱ्यात एकेक पायवाट.” लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा अप्पा घर सोडून महिनोनमहिने शिवारं मोजत हिंडले होते. चष्मा पुसून ते म्हणाले, “मग तुझ्या आजीपासून माझ्यापर्यंतची पायवाट दाव.” “ती अजून कुणालाच सापडली नाही, अप्पा.” शिवकांताबाई आतून आल्या. टँकरच्या पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या त्यांनी नवऱ्यापुढं धरला, परक्या पाहुण्यापुढं धरावा तसा. पदर सावरत म्हणाल्या, “आमचे मालक नव्या जिल्ह्याच्या मोजणीला गेलेत. कधी येतील ते सांगून जात न्हाईत. बसा.” अप्पांनी नकाशे गुंडाळून तांब्या दोन्ही हातांनी घेतला. “बसतो,” म्हणाले, “ते येईपर्यंत.”