अबिलिओची सायकल

मौबारा गावातून सीमेकडे जाणाऱ्या गाडीच्या टपावर सायकल चढवताना ड्रायव्हर कुरकुरला, "ताई, हे भंगार कुठं घेऊन निघालीस?"

"भंगार असेल तुझी गाडी. माझ्या दादाची सायकल आहे ती," एर्मेलिंदा म्हणाली. "दोरी नीट आवळ."

तिमोर स्वतंत्र व्हायला निघाला त्या जाळपोळीच्या वर्षी अबिलिओ घरं पेटवणाऱ्या माणसांच्या नादी लागला आणि त्यांच्याबरोबरच सीमेपलीकडे पळाला. गावाला तोंड दाखवायची हिंमत त्याला पुन्हा झाली नाही. इकडे आई दर पावसाळ्याआधी त्याच्या सायकलीला खोबरेल तेल लावत राहिली. यंदा मात्र ती म्हणाली, "ज्याची त्याला देऊन टाक, बाई."

सीमेवर गाडी थांबली. शिपायांना कागद दाखवून एर्मेलिंदाने सायकल ढकलत पूल ओलांडला. पलीकडे अबिलिओ उभा होता, केस पार पिकलेले. बहिणीला मिठी मारून तो सायकलवर बसला आणि समुद्राकडच्या रस्त्यावर पोरासारख्या दोन चकरा मारून आला. मग उतरून त्याने हँडल तिच्या हातात दिलं.

"घरी घेऊन जा."

"वेड लागलंय का दादा? एवढी धडपडत आणली मी!"

"कळतंय गं." तो सीटवरून हात फिरवत राहिला. "पण ही इकडे राहिली, तर आई माझी वाट बघायची सोडून देईल."