अडकलेला काना

कान्याची दांडी वर गेली ती अर्ध्यावरच थांबली. लिडियानं ती बोटानं खाली ढकलली, कळ पुन्हा दाबली. दांडी पुन्हा तिथंच.

राहुरीतल्या घराच्या ओट्यावर, दुपारच्या उजेडात, तिनं जुना मराठी टाइपरायटर स्टुलावर आणून ठेवला होता. बाकीच्या कळा दाबल्या की त्यांच्या दांड्या वर जाऊन कागदावर अक्षर मारत होत्या. पण कान्यावाचून मराठीत होतं काय? या यंत्रावर श, ण, भ ही अक्षरंसुद्धा अर्धीच उमटतात. पुढं काना मारला की पुरी होतात. तिनं 'मेंढपाळ' टाइप करून पाहिला होता, तो कागदावर 'मेंढपळ' झाला होता.

आत तिचा नवरा डेव्हिड भिंतीकडं तोंड करून खाटेवर पडला होता. शाळेतून निवृत्त झालेला मराठीचा मास्तर. चर्चमधल्या मुलांचं नाताळचं नाटक दर वर्षी तो नवं लिहायचा. यंदा हात थरथरायला लागले. हातानं लिहिलेलं त्याचं त्यालाच वाचता येईना. मोबाईलवर लिहायला गेला तर बोट काचेला नुसतं लागायचं आणि एका 'क'चे पाच 'क' व्हायचे. सकाळी संडे स्कूलच्या शॅरनचा फोन आला तेव्हा त्यानं सांगून टाकलं, "यंदा इंटरनेटवरचं एखादं घे, बाई. माझ्यानं होणार नाही." दुपारी ताटातली भाकरी अर्धी तशीच राहिली होती.

लिडियानं दांडीची स्प्रिंग तपासली. ती ठीक होती. मग तिनं शिलाई मशीनच्या तेलाची कुपी आणली आणि झाकण उघडलं.

"तेल घालू नकोस," आतून आवाज आला.

"का? अडकतंय की."

"तेलानंच अडकतंय. जुनं तेल, त्यात खोडरबराचा चुरा. त्याचा डिंक होतो."

"मग काय घालू?"

लिडियानं कुपीचं झाकण परत लावलं. खाट करकरली आणि डेव्हिड दारात येऊन उभा राहिला. उजवा हात त्यानं डाव्या हातात धरला होता.

"स्पिरिट आहे का घरात?"

लिडियाची उभी हयात नर्सिंगमध्ये गेलेली. तिच्या घरात एक वेळ साखर नसेल, पण स्पिरिट असणारच. तिनं सिरिंज भरून आणली. सगळ्या दांड्या जिथं शेजारी शेजारी खाचांमध्ये बसवलेल्या होत्या, तिथं कान्याच्या खाचेत सुईनं थेंब थेंब सोडलं. काळं पाणी निघालं. टूथब्रशनं घासलं, फडक्यानं टिपलं, पुन्हा सोडलं. मग कळ दाबली. दांडी वरपर्यंत गेली, कागदावर काना उमटला. परत येताना मात्र शेवटी शेवटी रेंगाळली.

"झालंच की जवळजवळ," ती म्हणाली.

"जवळजवळ नाही चालत. हळू दाब. आणि ऐक." डेव्हिड यंत्रावर वाकला. "घासतीय. शेजारच्या दांडीला अंग लागतंय तिचं. वाकलीय जराशी. अडकल्यावर कुणीतरी ओढलीय."

"कुणीतरी म्हणजे? घरात आपण दोघंच तर आहोत."

तो हसला नाही, पण पक्कड आणायला स्वतःच आत गेला. आल्यावर त्यानंच ती दांडीला लावून पाहिली. लोखंडावर लोखंड खडखड वाजायला लागलं. त्यानं पक्कड लिडियाच्या हातात दिली आणि दुसरीकडं बघत म्हणाला, "कापड गुंडाळून धर. केसभर वळव फक्त. डावीकडं."

"तुटली तर?"

"इतकी वर्षं लोकांना सुया टोचल्यास. कुणी तुटलं का?"

लिडियानं कापड गुंडाळून दांडी धरली, मनगट किंचित वळवलं. पक्कड बाजूला ठेवून कळ दाबली. दांडी वर गेली, टक् वाजली आणि सरळ आपल्या जागी येऊन पडली. तिनं पुन्हा दाबली. पुन्हा तसंच.

"आता तुम्ही बसा," ती उठत म्हणाली. "दाबून तर बघा."

डेव्हिड बसला. हात कळांवर थरथरत होता. पण ही काच नव्हती. इथं बोट नुसतं लागून काहीच उमटत नव्हतं; जोर लावून दाबावं लागत होतं. आणि दाबताना, तेवढ्यापुरतं, बोट ठरत होतं. टक्. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक्. लिडियानं मुद्दाम कागदाकडं पाहिलं नाही. ती टूथब्रश धूत राहिली.

"वाच," तो म्हणाला.

कागदावर नाटकातल्या मेंढपाळाचं नाव होतं आणि पुढं त्याचं एक वाक्य.

"कोन हाय तिकडं?" लिडियानं वाचलं.

"असं नाही. झोपेतून उठलाय तो. अचानक उजेड पडलाय, घाबरलाय. रानातला माणूस आहे, ओरडेल."

लिडियानं पदर खोचला, ओट्याच्या कडेला गेली आणि रस्त्याकडं तोंड करून ओरडली, "कोन हाय तिकडं?"

दुधाचे कॅन लावून चाललेल्या शेजारच्या नितीननं मोटरसायकलचा ब्रेक मारला. "मी हाय काकू, नितीन. काय झालं?"

"काही नाही रे. जा तू," लिडिया हसू दाबत म्हणाली आणि मागं वळली.

डेव्हिडनं मान वर केली नव्हती. रोलर फिरवून त्यानं नवी ओळ घेतली होती. देवदूताचं नाव टाइप झालं होतं, आणि त्याच्यापुढं एकेक अक्षर सावकाश, पुरतं उमटत होतं.

मी हाय.