घड्याळवाल्याची साक्ष

"तीस पॉइंट एक!" वेळ मोजायला बोलावलेला औषध दुकानदार काठावर वाकून ओरडला आणि त्यानं हातातलं स्टॉपवॉच पंचबाईंपुढे धरलं. बाईंनी आकडा वहीत लिहिला. जी एकतीस सेकंदांच्या आत येईल ती पोहण्याच्या शिबिराला जाणार, आणि प्रत्येकीला संधी एकच. मुली एकेक करून पोहत होत्या. सकाळपासून एकीलाही ते जमलं नव्हतं.

पाण्यातली मुलगी चौदा वर्षांची होती. तिनं चष्मा कपाळावर सरकवला, पण ती हसली नाही.

"काका, काहीतरी चुकलंय तुमचं," ती म्हणाली. "माझा आकडा एवढा खाली येतच नाही."

कठड्यामागं तिचा बाप उभा होता. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस. तलावावर इतर आईबाप कसे वागतात, ते काय सांगावं! कुणी घसा फाटेस्तोवर ओरडतं, कुणी चारचौघांत पोराचा कान पिळतं. एक आजोबा तर नातवाचं डोकं पाण्याबाहेर आलं रे आलं की एक शिवी घालायचे. या माणसानं दोन वर्षांत पोरीवर एकदाही आवाज चढवला नव्हता, आणि त्याचा त्याला केवढा अभिमान! रोज सकाळी तो काठावर बसायचा, आपल्या स्टॉपवॉचचा काटा बघायचा आणि मऊ आवाजात म्हणायचा, "छान. अजून थोडंसं, बाळा."

ते थोडंसं कधी संपलंच नाही, कारण बापानं ते घड्याळ उघडलं होतं. आतली केसाएवढी स्प्रिंग किंचित आखूड केली की काटा पळतो आणि आकडा खऱ्याहून मोठा दिसतो. पोरगी एकतीसच्या जवळ आली की हा दुकानात जाऊन डोळ्याला भिंग लावायचा आणि काटा आणखी जरासा पळवायचा. ओरडण्यापेक्षा हे बरं, असं त्याचं म्हणणं. अर्थात मनातल्या मनात, सांगितलं कुणालाच नव्हतं. पोरगी घरी येऊन आरशासमोर स्वतःच्याच खांद्यांना नावं ठेवायची, ते तो दाराआडून ऐकायचा. चाचणीच्या दिवशी खरा आकडा कळेल आणि ती आनंदानं वेडी होईल, अशी स्वतःची समजूत घालायचा. ते बक्षीस त्यानं दोन वर्षं जपून ठेवलं होतं.

आणि आता पोरगी ते परत करत होती.

"बाबांना विचारा ना," ती पाण्याबाहेर येत म्हणाली. "बाबांचं घड्याळ कधीच चुकत नाही."

मघाशी शिट्टी झाली तेव्हा सवयीनं बापानंही आपलं घड्याळ दाबलं होतं. ते अजून त्याच्या मुठीत होतं.

औषध दुकानदार बिचारा भला माणूस. तो ओशाळला. "सुरुवातीला माझा अंगठा उशिरा पडला असेल हो," म्हणाला. "मी काय, गोळ्या मोजणारा माणूस."

पंचबाईंनी पेन थांबवलं. त्यांच्या मनगटावरचं घड्याळ गेल्याच महिन्यात या बापानं दुरुस्त केलं होतं. "घड्याळवाले, तुमच्यात किती आलं?"

एक वाक्य पुरे होतं. माझं घड्याळ पुढं पळतं, बाई. पण ते म्हटलं की पोरगी विचारणार, कधीपासून? ती त्याच्याकडे बघत होती. अंगावरून पाणी निथळत होतं, आणि डोळ्यांत देवाकडे बघावं तसा विश्वास होता. तो विश्वास गमावण्याची त्या माणसाला भयंकर भीती वाटली. शिबिर पुढच्या वर्षीही असतंच की, असं त्यानं स्वतःला बजावलं.

त्यानं मूठ उघडली.

"एकतीस पॉइंट एक."

"संपलंच मग," बाई हळहळल्या. "स्वतःच्या पोरीच्या विरुद्ध कोण बाप खोटं सांगेल?" आणि त्यांनी वहीतला आकडा खोडला.

दोघं फाटकाकडे निघाली. मुलीच्या खांद्यावरच्या पिशवीतून पाणी ठिबकत होतं. फाटकापाशी तिनं पोहण्याचा चष्मा काढून कचऱ्याच्या डब्यात टाकला.

"अगं, हे काय? पुढच्या वर्षी..."

"नको बाबा. दोन वर्षं जीव तोडून पोहले. नाहीच ते माझ्यात." तिनं नाक पुसलं आणि बापाचा हात घट्ट धरला. "तुम्ही नका वाईट वाटून घेऊ. दुसऱ्या कुणाचे बाबा असते ना, तर खोटं बोलले असते."