नव्या चोपडीचं पहिलं नाव

पाडव्याच्या मुहूर्तावर वाण्यानं नवी चोपडी उघडली, हळदकुंकू वाहिलं आणि बोरू शाईत बुडवला. तेवढ्यात म्हादू गवळ्याच्या बायकोनं तुपाचं मडकं दुकानाच्या पायरीवर ठेवलं.

"पहिली जमा तुझ्याच घरची!" वाणी खुशीत म्हणाला. "लिहितो म्हादूच्या खात्यावर."

"म्हशी मी पाळते, तूप मी कढवते. त्यावर तो तंबाखू नेतो आणि मी मिठासाठी त्याच्यापुढे हात पसरते. माझ्या नावावर लिहा, शेट."

"पेशवाई बुडाली, कंपनीचं राज्य आलं, पण या दुकानाच्या चोपडीत कधी बाईचं नाव आलेलं नाही."

"मग चालले." तिनं मडकं उचलून कडेवर घेतलं.

वाण्याचा चेहरा पडला. मुहूर्ताला दारात आलेला माल माघारी गेला तर लक्ष्मी रुसते, असं त्याचा बाप सांगायचा. तिला हे ठाऊक होतं. म्हणून तर ती आज आली होती.

"थांब गं बाई! नाव काय तुझं?"

"लग्न होऊन आल्यापासून तूप घालतेय. आज विचारलंत." ती परत फिरली. "सगुणा."

संध्याकाळी म्हादू तंबाखू मागायला आला. वाण्यानं चोपडी उघडून पाहिली आणि मिटली.

"तुझ्या नावावर काही नाही रे. सगुणाबाईंना विचारून ये."