बेल वाजायच्या आधी

वसुलीवाल्यानं तळमजल्याची बेल दाबली आणि जिनाभर ऐकू जाईल असा आवाज लावला. "वर ती शिवणवाली राहते ना, तिनं आमचे…"

"नव्वद हजार," दारातले आजोबा म्हणाले. "हप्ते थकलेत. पुढं बोल."

वसुलीवाल्याला पुढचं येत नव्हतं. इतक्या वर्षांत त्याला पुढचं कधी लागलंच नव्हतं.

तिसऱ्या मजल्यावर शिवणवाली कठड्याला रेलून ऐकत होती. तिला हसू आवरत नव्हतं. शाळेच्या गणवेशांचं काम मिळणार म्हणून तिनं कर्जावर दुसरं मशीन घेतलं होतं. मशीन आलं, गणवेश दुसरीकडे गेले. मग फोन सुरू झाले. काल शेवटचा आला: "उद्या तुमच्या बिल्डिंगचं दार न् दार वाजवतो. बघू कुठं तोंड लपवता."

तिनं हिशेब मांडला. मशीन उचलून नेलं तरी त्याचे निम्मे पैसेही सुटणार नव्हते, आणि हे त्यालाही ठाऊक होतं. म्हणजे त्याच्याकडे खरं तारण एकच, तिची लाज. ते आपणच सोडवून आणलं तर?

कालच संध्याकाळी ती गळ्यातली टेप तशीच ठेवून दारोदार हिंडली. लोकांना वाटलं, मापं घ्यायला आली.

"उद्या एक माणूस येईल, माझ्या नावानं ओरडेल. तो सांगेल ते खरंय. म्हटलं, आधी माझ्याच तोंडून ऐका."

पहिल्या दारात बेलवरचं बोट दोनदा मागं आलं. नंतर सराव झाला. कुणी पाणी दिलं, कुणी उपदेश. दोन्ही तिनं गिळलं. पतपेढीतून निवृत्त झालेले काका मात्र चष्मा पुसत म्हणाले, "मंगळवारी माझ्याबरोबर चल. कर्जसल्ल्याचं केंद्र आहे, फी घेत नाहीत. कंपनीशी बोलून झेपतील असे हप्ते बांधून देतात. आणि ह्या ओरडण्याची तक्रारही तिथंच लिहू."

फक्त राणीसाहेबांनी दाराची साखळी काढली नाही. हे बिल्डिंगनं ठेवलेलं नाव. धडधाकट सोफा बदलून नवा आणणारं दुसरं घर तिथं नव्हतं. फटीतूनच म्हणाल्या, "असल्या गोष्टी काय जिन्यात बोलतात?" आणि दार लावून घेतलं.

आता वसुलीवाला दुसऱ्या मजल्यावर पोचला होता. काकांनी त्याचं आणि कंपनीचं नाव शांतपणे लिहून घेतलं. मग त्यानं समोरची, राणीसाहेबांची बेल वाजवली. आतला टीव्ही एकदम बंद झाला. दार उघडलं नाही. त्यानं पुन्हा वाजवली. नाहीच.

"बघा!" तो वर तोंड करून ओरडला. "तुमचं नाव ऐकायचीसुद्धा लोकांना लाज वाटते!"

"अजून माझ्या मजल्यावरची दारं राहिलीत, भाऊ," ती वरून म्हणाली. "दमला असाल तर पाणी देते."

तो खाली उतरला. उतरताना त्याचा आवाज कुणालाच ऐकू आला नाही.

दुपारी तिच्या दारावर हलकेच टकटक झाली. राणीसाहेब उभ्या होत्या. केस विस्कटलेले, पायांत चप्पल नाही.

"सकाळी तो आला ना," भिंतीकडे बघत त्या म्हणाल्या, "मला वाटलं, माझ्याकडेच आला."

शिवणवालीनं मशीन थांबवलं आणि टेप गळ्यात अडकवली.

"पहिलं दारच काय ते जड जातं, वहिनी," ती म्हणाली. "ते तर तुमचं आत्ताच झालं. चला."