वालूरचा कोंबडा

दगडाबाई अंगणात आली, तेव्हा मनकर्णाने तिला बस म्हटलं नाही.

हीच ती वालूरची बाई. मनकर्णाचा बाप ग्यानबा दर साली दिवाळी झाली की कोंबडा काखेत धरून हिच्याकडे जायचा. दुसऱ्या दिवशी कोंबडा घेऊनच परत यायचा. तोच तांबडा रंग, तसाच तुरा. कोंबड्याला हिंडवून आणायला एवढं दूर कोण जातं? रझाकारांच्या धामधुमीत लोक शिवाराबाहेर पडत नव्हते, त्या सालीही तो गेला. निजामाचं राज्य गेलं, त्याचं जाणं थांबलं नाही. "इचारलं तर तोंड उघडत न्हाईत," असं आई, नर्मदाबाई, लेकीला सांगायची. लेकीनेही बापाशी बोलणं तोडलं. त्याच्या शेवटच्या आजारात ती भाकरी पुढे ठेवायची आणि निघून जायची.

त्याला जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून कोंबड्यांचं काही धड नव्हतं. अंडी कमी झाली. पंधरा अंड्यांवर कोंबडी बसवली तर चार पिल्लं निघायची, त्यातली दोन मान टाकायची. वालूरवालीनं करणी केली, असं नर्मदाबाईचं म्हणणं.

दगडाबाई वाकून एका पिल्लाची वाकडी बोटं बघत होती.

"कोंबडा कुठला हाय ह्यो?"

"घरचाच. का?"

"आन त्याच्या आदीचा?"

"त्योबी घरचाच."

"मंग कसं व्हावं, पोरी? लेकीला बाप, भैनीला भाऊ. रगत एकच. गावातला दुसरा आनलास तरी त्यो तुमच्याच पिल्लातला. ग्यानबादादांनी तुमच्या ह्या अर्ध्या पेडगावाला पिल्लं वाटली. म्हनून तर ते आमचा कोंबडा न्यायचे, त्यांचा आमाला द्यायचे." तिने पदराखालून पाय बांधलेला तांबडा कोंबडा काढला. "तीन सालं वाट बघितली. दादा गेल्याचं परवा बाजारात कळालं. आमचंबी खुराडं रिकामं व्हायलंय, बाई."

मनकर्णाने हात पुढे केला नाही.

"एवढंच होतं, तर आबांनी घरात कदी सांगितलं का न्हाई?"

उत्तर मनकर्णाच्या पाठीमागून आलं. नर्मदाबाई उंबऱ्यात उभी होती.

"सांगायचे. दर साली हेच सांगायचे. मला खरं वाटलं न्हाई, म्हनून तुला कळू दिलं न्हाई."