दारातला पहारेकरी

लढाईवरून परतलेल्या लालासाहेबाचं कर्ज थकलं, तसा सावकाराचा वसुलीवाला धुळा काठी घेऊन त्याच्या आष्ट्यातल्या दारात ठाण मांडून बसला. लेकीला बघायला शिराळ्याहून पाहुणे आले. त्यांना वाटलं, दारात पहारेकरी म्हणजे घर चांगलंच तालेवार. लालासाहेबानंही मिशीवर ताव देत ते तसंच राहू दिलं. सोयरीक ठरली.

मग तो व्याह्यांचं घर बघायला निघाला. धुळा पाठ सोडीना, म्हणून त्यालाही बैलगाडीत घेतलं. शिराळ्यातही दारात काठीवाला पहारेकरी दिसला, तसा लालासाहेब मनात म्हणाला, पोरीनं नशीब काढलं.

धुळानं गाडीतूनच हाळी दिली, "रामराम, गड्या. लय दिवस दिसला न्हाईस. सावकारानं तुला हितं बसवलंय व्हय?"